नवऱ्याचं औषधपाणी

मुलगी बघायला जायचं असतं, एवढं वाल्मीकला ठाऊक होतं. तब्येत धडधाकट होती तेव्हा तो दोन-तीन गावी जाऊन पोहे खाऊन आला होता. आता चौतिसाव्या वर्षी मुलगीच त्याला बघायला येणार होती, आणि पोहे घरचे होते.

मुलगी म्हणायचं ते आपलं रिवाजापुरतं. बेबाबाई छत्तीस वर्षांच्या होत्या, विधवा होत्या, त्यांना चौथीतली एक पोर होती आणि भुसावळला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात त्या नोकरीला होत्या. नवरा रेल्वेत फिटर होता. तो गेल्यावर त्याच्या जागी त्यांना लावून घेतलं होतं. हे स्थळ मंदावहिनीने आणलं. आणलं म्हणजे, एका संध्याकाळी भाकरी वाढता वाढता, उद्या नळाला पाणी येणार नाही हे सांगावं तशा आवाजात ती म्हणाली,

"रेल्वेत बाई नोकरीला असली तर तिच्या नवऱ्याचं औषधपाणीही रेल्वेच्या दवाखान्यातून होतं."

तिचा नवरा आधारभाऊ चावता चावता थांबला. "मग?"

"मग काही नाही. भुसावळला आमच्या आत्याच्या शेजारी एक बाई आहेत. मी नुसतं सांगितलं."

वाल्मीकने मान खाली घालून भाकरी संपवली. त्याच्या औषधाविषयीचं बोलणं या घरात त्याच्या देखत होत असे, पण त्याच्याशी होत नसे. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. घरात पाण्याच्या मोटरीविषयी बोलतात तेव्हा मोटरीला कोण विचारतं.

धुळ्याच्या गिरणीत कापड तपासायला होता तेव्हा एका उन्हाळ्यात त्याचं तोंड सुजलं, आणि दिवाळीपर्यंत दोन्ही किडन्या गेल्या. रुक्माबाईंनी, म्हणजे त्याच्या मायने, मुंबईच्या दवाखान्यात जाऊन आपली एक काढून दिली. देताना डॉक्टरांना एवढंच विचारलं की कापूस वेचायला वाकता येईल ना. किडनी लागू पडली. पण शरीराला ती परकी वाटते, तिला हाकलायला बघतं, म्हणून शरीराला गप्प ठेवायची औषधं जन्मभर घ्यायची होती. त्यातल्या बाकीच्या गोळ्या परवडण्यासारख्या होत्या. एक कॅप्सूल नव्हती. पाकीट फोडलं की तिचा उग्र, दारूसारखा वास यायचा, आणि महिन्याच्या कॅप्सूलला आधारभाऊच्या पगारातला मोठा वाटा जायचा.

गिरणी चालू होती तोवर कामगार विम्यातून ती मिळत होती. गिरणीला टाळं लागलं, काही महिन्यांनी विमा संपला, आणि वाल्मीक मायला घेऊन जळगावला भावाच्या दोन खोल्यांत राहायला आला. तेव्हापासून आधारभाऊ मदत शोधत होता. तो जिल्हा परिषदेत कारकून होता, त्यामुळे कुठला कागद कुठे लावायचा हे त्याला कळत होतं. परिषदेच्या नियमात बायको होती, मुलं होती, आईबाप होते, पण मोठा झालेला भाऊ नव्हता. त्याने हेडक्लार्कला विचारलं, आई माझ्यावर अवलंबून आहे आणि किडनी आईची आहे, तर आईच्या नावावर बिल लागेल का. हेडक्लार्कने बराच विचार केला. तो म्हणाला, "किडनी आश्रित आहे, हे मान्य. पण ती ज्याच्यात आहे तो नाही."

मुंबईच्या एका ट्रस्टने मदत केली, पण त्यांचा नियम एका रोग्याला एकदाच असा होता. एका पुढाऱ्याने दुसऱ्याच्या नावे शिफारसपत्र दिलं, दुसऱ्याने तिसऱ्याच्या नावे दिलं, आणि तिसऱ्याच्या माणसाने सगळं वाचून पहिल्याला भेटायला सांगितलं. औषधाच्या कंपनीने इंग्रजीतून उत्तर पाठवलं. त्यात प्रकृतीला शुभेच्छा होत्या. खरी मदत केली ती औषधवाल्या घेवरचंदशेठने. ते मुंबईहून कॅप्सूल मागवायचे आणि खरेदीच्या भावाने द्यायचे. "यात मी कमवत नाही, आधारभाऊ," ते म्हणायचे, "पण मला गमवायला लावू नका."

सगळ्या वाटा अशा चालून झाल्यावर मंदावहिनीने भाकरी वाढता वाढता ते वाक्य उच्चारलं होतं.

रविवारी सकाळी शिरपूरहून बहीण द्रौपदाअक्का आणि तिचे यजमान छगनभाऊजी एसटीने आले. अक्का वाल्मीकहून मोठी, आधारभाऊहून धाकटी. छगनभाऊजी शाळेत मुख्याध्यापक होते आणि घरीही होते. मंदावहिनीने पोरींना सकाळीच मावशीकडे पाठवलं होतं, म्हणून खोली जरा मोठी वाटत होती. वाल्मीक मागच्या दारात आरसा टेकवून दाढी करत होता. स्वयंपाकघरातलं बोलणं तिथे स्पष्ट ऐकू यायचं.

"माय, तुला हे पटतं?" अक्का म्हणत होती. "माझा भाऊ काय रस्त्यावर पडलाय? बाईच्या क्वार्टरमध्ये जाऊन राहील तो? तिच्या जिवावर?"

रुक्माबाई वांगी भाजत होत्या.

"घालवायचाय घरातून, दुसरं काय," अक्का जरा हळू म्हणाली, म्हणजे पुढच्या खोलीत पोहे निवडत बसलेल्या मंदावहिनीला नीट ऐकू जाईल इतपत.

मंदावहिनी सूप घेऊन दारात आली. "अक्का, कांदा चिरून देता का? तुम्ही तशाही रडताच आहात."

त्यानंतर बराच वेळ फक्त विळीचा आवाज आला.

छगनभाऊजी मागच्या दारी येऊन वाल्मीकशेजारी उभे राहिले. आरशात दोघांची तोंडं दिसत होती.

"तुझ्या मनाचं काय, वाल्मीक?"

हा प्रश्न पहिल्यांदाच कोणी विचारला होता. त्यामुळे उत्तर तयार नव्हतं. वाल्मीकने गालावरचा साबण पुसला.

"भाऊजी, बाई येऊन बघू दे. नाहीच म्हणेल ती."

"तसं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. औषधासाठी लग्न करायचं म्हणजे माणसाच्या स्वाभिमानाचं काय? समाजात चार लोक मला विचारतात."

"त्यांना काय सांगता?"

"सांगतो, बघू," छगनभाऊजी म्हणाले.

त्यांनी औषधाला आजवर हातभार लावला नव्हता, असं म्हणता येणार नाही. मुंबईच्या ट्रस्टचा अर्ज त्यांच्याच अक्षरात होता, आणि अक्षर फार सुंदर होतं.

वाल्मीक नाही म्हणाला नव्हता, त्याचं कारण मात्र त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. घेवरचंदशेठच्या दुकानातून परत येताना आधारभाऊ सायकल दाराशी लावायचा, पिशवी खुंटीला अडकवायचा आणि "आणलं रे" म्हणायचा. बास, एवढंच. कधी कपाळाला आठी नाही, सुस्कारा नाही. त्या "आणलं रे"मुळे वाल्मीकला रात्री झोप लागत नसे.

अकराच्या सुमाराला बेबाबाई आल्या. बरोबर त्यांचे मामा होते, सुपडू मामा, रेल्वेच्या रूळ-दुरुस्तीच्या गँगमधून रिटायर झालेले. जयभीम घालून सगळे बसले. बेबाबाई सावळ्या, उंच आणि हाडापेराने मजबूत होत्या. त्यांनी पांढरी-निळी सुती साडी नेसली होती आणि मनगटावर पुरुषी घड्याळ होतं. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोला त्यांनी हात जोडले, मग खोलीतल्या माणसांकडे एकेक करून पाहिलं. वाल्मीकजवळ आल्यावर त्या थांबल्या. पण चेहऱ्यावर नाही, पायांवर.

पोहे झाले. सुपडू मामांनी दोनदा घेतले. छगनभाऊजींनी घसा साफ केला आणि शिक्षणाने समाज कसा पुढे गेला याविषयी बोलायला सुरुवात केली. बेबाबाईंनी ते एक वाक्य संपेपर्यंत ऐकलं.

"मला काही विचारायचंय," त्या म्हणाल्या. "यांची किडनी दारू चालू देते का?"

छगनभाऊजी पुढचं वाक्य विसरले. अक्काच्या हातातला ट्रे जागच्या जागी राहिला.

"आमच्या घरात कोणी दारूला शिवत नाही," आधारभाऊ म्हणाला.

"घरातल्यांचं नाही विचारत मी. घरातले सगळेच असं सांगतात. किडनीचं विचारते."

"डॉक्टरांनी मनाई केलीय," वाल्मीक म्हणाला. "घेतली तर किडनी जाईल."

"जाईल म्हणजे नक्की?"

"नक्की."

"बरं," बेबाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पहिल्यांदा चहाचा कप उचलला.

अक्काला राहवलं नाही. "बाई, तुम्ही जनावराच्या बाजारात आलात का? माझ्या भावाचे दात पण बघा मग."

"अक्का," मंदावहिनी म्हणाली.

"नाही, बोलू द्या त्यांना," बेबाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "अक्का, मी पण तुमच्या भावाला सांगते माझं. म्हणजे बाजार बरोबरीचा होईल. माझ्या नवऱ्याचा भाऊ क्वार्टरला येऊन बसतो. म्हणतो, भावाची नोकरी होती, भावाचं घर आहे, पगारात माझा हिस्सा. मी एकटी आहे तोवर तो येत राहणार. घरात माणूस असला तर येणार नाही. तो भित्रा आहे, नुसता उभा राहणारा माणूसही पुरे. लग्न केलं तर माझी पेन्शन बंद होईल, ती पोरीच्या नावाला लावता येते, ते मी विचारून आलेय. दवाखान्यातही विचारलं. मोठे डॉक्टर म्हणाले, नवऱ्याचं औषध करता येतं, पण हे महाग औषध आहे, वरून मंजुरी आणावी लागेल, वेळ लागेल, आणि मी आत्ताच शब्द देत नाही. म्हणून मी पण देत नाही."

एवढं सगळं खरं एका दमात ऐकायची घराला सवय नव्हती. सुपडू मामा म्हणाले, "आमची बेबा बोलायला जरा सरळ आहे," आणि शेवेची वाटी जवळ ओढली.

"मला यांच्याशी एकट्याशी बोलायचंय," बेबाबाई म्हणाल्या.

छगनभाऊजींनी आधारभाऊकडे पाहिलं, आधारभाऊने मायकडे. रुक्माबाई दाराला टेकून बसल्या होत्या. सकाळपासूनचा त्यांचा पहिला शब्द आला.

"जाय, वाल्मीक."

मागच्या दारी धुण्याचा दगड होता आणि शेजाऱ्यांची भिंत होती. बेबाबाई दगडावर बसल्या. वाल्मीक उभा राहिला, कारण बसायला दुसरं काही नव्हतं.

"चप्पल काढा," त्या म्हणाल्या.

त्याने काढली. पट्ट्याची खूण पायात खोल उमटली होती.

"कधीपासून सूज आहे?"

"उभं राहिलं की येते जरा."

"माझ्या नवऱ्याला अशीच आली होती. त्याचं लिव्हर होतं. तोही म्हणायचा, उभं राहिलं की येते." त्या थोडा वेळ त्याच्या पायांकडे बघत राहिल्या. "औषध रोज घेता?"

वाल्मीकला सहज हो म्हणता आलं असतं. आधारभाऊला तो रोज म्हणत होता, मायला म्हणत होता, दर खेपेला घेवरचंदशेठलाही म्हणत होता. पण ही बाई परकी होती, बहुतेक नकार देणार होती, संध्याकाळी भुसावळला निघून जाणार होती. तिच्याजवळ ठेवलेली गोष्ट तिच्याबरोबर गाडीत बसून गेली असती.

"सकाळची घेतो," तो म्हणाला. "संध्याकाळची कॅप्सूल सोडतो. कधी कधी सकाळचीही."

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून."

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"नाही. म्हणजे पाकीट जास्त दिवस पुरतं. भाऊला लवकर आणावं लागत नाही." त्याला वाटलं, हे ऐकायला बरंच शहाणपणाचं वाटतंय. "आणि मला काही होत नाहीये."

"रक्त तपासलं?"

"नाही."

बेबाबाईंनी मान हलवली. मग त्या उठल्या, साडी झटकली आणि आत गेल्या. वाल्मीक पायात चप्पल घालेपर्यंत त्या खोलीच्या मध्यभागी पोचल्या होत्या.

"माय," त्या रुक्माबाईंना म्हणाल्या, "हे औषध अर्धंच घेतात. पावसाळ्यापासून. पायाला सूज आहे. रक्तही तपासलेलं नाही."

वाल्मीक दारात उभा राहिला. सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे वळली. त्याला आठवलं, गिरणीत तो कापडाचं ठाण दिव्यावर धरायचा आणि त्यातलं एक तुटकं सूत बोटाने दाखवायचा. विणणाऱ्याची मान तेव्हा कशी खाली जायची, ते त्याला आज आतून कळलं.

"काबर?" रुक्माबाईंनी विचारलं.

"माय, भाऊवर ओझं..."

"मी भाऊनं नही इचारं." त्या भिंतीला हात टेकून उठल्या आणि त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांची उंची त्याच्या छातीपर्यंत होती. डावीकडच्या कुशीवर त्यांनी हात ठेवला, जिथे टाक्यांची लांब खूण होती. "ती किडनी तुनी शे का?"

वाल्मीकची नजर त्या हातावर गेली.

"ती मनी शे. मी तुले वापराले दिधी शे. तू तिले उपाशी ठेवस? कोनले इचारीसन?"

आधारभाऊ खाली बघत होता. वर न बघताच तो म्हणाला, "मी कधी काही बोललो का रे तुला?"

"नाही, भाऊ."

"मग?"

"म्हणूनच."

आधारभाऊला ते कळलं की नाही, सांगता येत नाही. तो उठून बाहेर गेला आणि सायकलच्या चाकात हवा आहे का ते बघत बसला.

अक्का रडायला लागली. मंदावहिनी मात्र इतकी चिडली होती की तिचा चेहरा पांढरा पडला होता. तीन वर्षं हे घर तिला वाल्मीकला कंटाळलेली बाई म्हणत होतं. ती सरळ त्याच्यासमोर आली.

"माझ्या पोरींना मी शाळेचे जुने ड्रेस उसवून घालते, भाऊजी. मला त्याचं काही नाही. पण ते औषध खुंटीला टांगून ठेवायला नाही घालत मी. तुम्ही घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं. आता हे सगळं कशासाठी केलं मी?"

"चुकलं, वहिनी."

"चुकलं तर चुकलं." ती अक्काकडे वळली. "अक्का, रडायचं नंतर. भुसावळची मंजुरी यायला वेळ लागणार आहे. आली तर. तोवर पूर्ण डोस द्यायचा, रक्त तपासायचं. आमच्याच्याने पूर्ण होत नाही, हे मी आज सगळ्यांसमोर सांगते. तुमचं काय?"

अक्काने पदराने नाक पुसलं. सकाळी ज्या तोंडाने ती मंदावहिनीविरुद्ध बोलली होती, त्याच तोंडाने आता नवऱ्याकडे बघून म्हणाली, "स्कूटरचा नंबर लागलाय ना यांचा."

छगनभाऊजी दचकले. त्या स्कूटरसाठी त्यांनी बरीच वर्षं आधी नाव नोंदवलं होतं. नंबर लागल्याचं कार्ड मागच्याच आठवड्यात आलं होतं, आणि ते त्यांनी शाळेत शिक्षकांना वाचून दाखवलं होतं.

"त्याचा इथे काय संबंध, द्रौपदा?"

"तिच्यासाठी साठवलंय ते इथे लागेल."

"अगं, स्कूटर म्हणजे काही चैन नाही. शाळा गावाबाहेर आहे."

"तुम्ही चालत गेलात तरी शाळा तिथेच असते," अक्का म्हणाली. "आणि मघाशी तुम्हीच म्हणालात ना, तत्त्वाचा प्रश्न आहे म्हणून."

छगनभाऊजींनी मदतीसाठी खोलीभर पाहिलं. पुरुषांपैकी आधारभाऊ बाहेर सायकलशी होता, वाल्मीकला बोलण्याचा हक्क उरला नव्हता, आणि सुपडू मामा त्यांच्याकडे सहानुभूतीने बघत होते, पण ते पाहुणे होते. शेवटी भाऊजी म्हणाले, "सहा महिन्यांपुरतं बघू." अक्का म्हणाली, "सहा महिन्यांनी काय होतं?" भाऊजी काही बोलले नाहीत, आणि त्यांचं मौन सगळ्यांनी होकार म्हणून धरलं.

त्या दुपारी सगळ्यांनी भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाल्ली. रुक्माबाईंनी वाल्मीकसाठी कमी मिठाचं वेगळं काढलं होतं. जेवण झाल्यावर त्या पाण्याचा तांब्या आणि कॅप्सूलचं पाकीट घेऊन त्याच्याजवळ बसल्या. ही वेळ कॅप्सूलची नव्हती. ते त्याने सांगितलं. "माहीत शे," त्या म्हणाल्या, आणि पाकीट आपल्या कमरेच्या पिशवीत घातलं. संध्याकाळी त्या ते तिथूनच काढणार होत्या, आणि यापुढे रोज.

भुसावळच्या पॅसेंजरला वेळ होता. तरी बेबाबाई निघाल्या, आणि आधारभाऊने वाल्मीकला स्टेशनपर्यंत सोडायला जायला सांगितलं. फलाटावर सुपडू मामांना गँगमधला जुना सोबती भेटला आणि ते त्याच्याबरोबर चहाला गेले. बेबाबाईंकडे पास होता. वाल्मीकने फलाटाचं तिकीट काढलं. दोघे बाकावर बसले, मध्ये त्यांची पिशवी होती. मंदावहिनीने तिच्यात पोरीसाठी केळीचे वेफर्स भरून दिले होते.

"उद्याच या," बेबाबाई म्हणाल्या. "मुंबईचे सगळे कागद आणा. सकाळी रक्त तिथेच तपासतात. आधी दवाखाना, लग्नाचं नंतर."

"आणि दवाखान्याने औषधाला नाही म्हटलं तर?"

"तर तुम्हाला औषध दुसरीकडून शोधावं लागेल."

"म्हणजे लग्न नाही."

"असं कुठे म्हटलं मी?" त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "औषध तुम्हाला हवंय. मला घरात शुद्धीवर असलेला माणूस हवाय. ती दोन वेगळी कामं आहेत."

समोरच्या रुळावरून मालगाडी गेली. ती जाईपर्यंत बोलता आलं नाही, आणि तेवढ्या वेळात वाल्मीकने दुपारपासून मनात धरलेलं वाक्य जुळवलं.

"मी तुम्हाला एकट्यात सांगितलं होतं," तो म्हणाला. "तुम्ही दोन मिनिटंही ठेवलं नाही."

"नाही ठेवलं."

"मी विश्वासाने सांगितलं होतं."

"माहीत आहे." त्यांनी पिशवीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. "पहिल्यानेही विश्वासाने सांगितलं होतं. पाण्याच्या टाकीमागे बाटल्या ठेवायचा. म्हणाला, आईला सांगू नको, तिच्या जिवाला लागेल. साहेबांना सांगू नको, नोकरी जाईल. मी कोणाला सांगितलं नाही. तो गेला तेव्हा त्याची आई मला म्हणाली, तुला माहीत होतं का गं? फार विश्वासाची बाई होते मी."

पॅसेंजर आली. सुपडू मामा धावत आले, चढले आणि खिडकीतून म्हणाले की पाहुणचार चांगला झाला.

सोमवारी वाल्मीक भुसावळला गेला. रक्ताचा रिपोर्ट वाईट होता, पण हाताबाहेर गेलेला नव्हता. मोठ्या डॉक्टरांनी त्याला औषध सोडल्याबद्दल बराच वेळ झापलं, मुंबईचे कागद चाळले, त्यांतले काही ठेवून घेतले, आणि मंजुरीसाठी वर लिहायचं तर सोबत काय जोडावं लागेल ते सांगितलं. तो बाहेर आला तेव्हा बेबाबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसल्या होत्या. ड्यूटीवरून थोडा वेळ मागून आल्या होत्या.

"काय म्हणाले?"

"लग्नाचा दाखला मागताहेत."

बेबाबाईंनी जरा विचार केला.

"मग काढावा लागेल," त्या म्हणाल्या, आणि पार्सल ऑफिसला परत गेल्या.